लाल-निळ्या खडूंचे मामा

मामांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली, की आवाज बेलापूरच्या डोंगरावर आपटून परत यायचा आणि डुलक्या काढणारी पहिल्या वर्षाची शंभर मुलं ताठ बसायची. थाप बसायची खुब्याच्या बाजूला, जिथं हाड कातडीखाली हाताला लागतं तिथं. पुस्तकात त्याला हातभर लांब लॅटिन नाव आहे. मामांच्या भाषेत ते ‘मोठं टेंगूळ’. आतल्या अंगाला, जरा मागं, ते ‘धाकटं टेंगूळ’. एवढ्या दोन नावांवर आमची निम्मी बॅच पास झाली. उरलेली निम्मी प्रोफेसरांचं ऐकत बसली.

मामा आमच्या मेडिकल कॉलेजात शरीररचना विभागाचे शिपाई. मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी वाहायचे. पाठीवर तीन आणि हौस असेल तर वर व्यापारी. शाळा सातवीपर्यंत. पण विभागातल्या हाडांच्या पेटीतलं मांडीचं हाड हातात आलं, की लाल आणि निळा खडू निघायचा. स्नायू निघतो तिथं लाल, येऊन चिकटतो तिथं निळा. मोठ्या टेंगळावर निळाच निळा. “पावण्यांचं घर हाय हे,” म्हणायचे, “समदे हितं येऊन टेकत्यात.” धाकट्यावर मात्र दोन स्नायूंचं एकच जोडपं मुक्कामाला, कमरेतून खाली उतरलेलं.

एकदा मला पाठीवर घेऊन ते एका पायावर उभे राहिले. मी तेव्हा वजनकाट्याला घाम फोडायचो. मामांची कंबर तसूभर ढळली नाही. “ह्यो बाजूचा स्नायू धरून ठिवतो. दर पावलाला येकटाच अख्खा मानूस पेलतो,” ते म्हणाले. दम लागला होता तो मला.

परीक्षेआधी ते आमचे डोळे रुमालानं बांधून हातात हाड द्यायचे. डावं की उजवं, टेंगूळ कुठलं, सगळं चाचपून सांगायचं. “डोळं खोटं बोलत्यात. हातानं बघा, डॉक्टर.”

मी इंटर्न होतो तेव्हा मामा शवविच्छेदनाच्या हॉलच्या ओल्या फरशीवर घसरले. दुसऱ्या दिवशी माझ्याच ओपीडीत आले, थोडे लंगडत, पण आपल्या पायांनी. जांघेत ठणकतंय म्हणाले. गर्दी होती. मी टेबलाआडूनच त्यांची चाल पाहिली आणि ठरवलं, चालतोय म्हणजे हाड शाबूत.

“हात लावून बघताय का?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मामा, तुमच्या खुब्यावरून रोडरोलर गेला तर रोडरोलरच दुरुस्तीला न्यावा लागेल. ते हसले. मी मलम लिहून दिलं.

प्रत्यक्षात खुब्यात मांडीच्या हाडाची मान मोडून जागच्या जागी रुतून बसली होती. अशा पायावर माणूस काही दिवस चालतो. हे मला पाठ होतं, पानासकट.

चौथ्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात ते कोसळले. मी वॉर्डात पोहोचलो तेव्हा पाय आखूड झालेला, पंजा बाहेर वळून पडलेला. मामांनीच माझा हात धरून खुब्यावर नेऊन ठेवला.

“पंजा भाईर का वळला, डॉक्टर?”

“मान तुटलीय, मामा. स्नायू ओढतायत.”

“चिकटल्यात कुठं?”

“मोठ्या टेंगळावर.”

“रंग?”

“निळा.”

“पास,” मामा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

ऑपरेशन झालं, पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत. महिन्याभरात न्यूमोनिया झाला आणि मामा गेले.

आता माझ्या ओपीडीची रांग पार नावडे गावाला वळसा घालून येते. लोक कुरकुरतात, की हा डॉक्टर चालत आलेल्यालाही आडवा करून चाचपत बसतो. कुरकुरू देत. मी आधी खुब्यावर हात ठेवतो. आणि एकदा ठेवला, की थोडा वेळ तो उचलवत नाही.