सलवाचे बदलते पत्ते

मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात धम्मदीपा रामटेकेची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. साधा दोन पानी लेख पाठवायचा असला तरी ती सोबत सगळी कच्ची आकडेवारी जोडायची, कुणी मागो न मागो. सहकारी हसायचे. हसू देत बापडे. नागपुरात एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तिचा प्रबंध उलटापालटा करत विचारलं होतं, "हे तूच लिहिलंस का गं?" बाकी कुणालाच विचारलं नव्हतं. आडनाव वाचलं आणि तिला विचारलं. तो प्रश्न तिच्या हाडात जाऊन बसला होता.

आता तिचं काम म्हणजे अरब संशोधकांनी हवामानबदलावर काय काय लिहिलं याचा धांडोळा घेणं. आधी सगळा भर पाणीटंचाईवर होता, अलीकडे उष्णता आणि धुळीची वादळं पुढे आली होती. लेख मात्र इतके भराभर वाढलेले, की तिच्या मनात पाल चुकचुकली. पैसे घेऊन भलत्याच विद्यापीठाचं नाव लावणारे महाभाग असतात, हे तिला माहीत होतं. मग काय, जो दिसेल त्याच्याकडे तिरकी नजर. त्यात सापडली सलवा इदरीस. सुदानची, धुळीच्या वादळांवर काम करणारी, आणि दर लेखात विद्यापीठ वेगळं. खार्टूम, मग कैरो, मग अम्मान. सुदानमधल्या युद्धाच्या बातम्या धम्मदीपा बघत नव्हती असं नाही. पण तक्त्याच्या रकान्यातल्या नावालाही घर असतं, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

"चोर सोडून संन्याशाला सुळी देशील," तिचा नवरा लोकेश भांडी विसळता विसळता म्हणाला. "विचार तरी तिला."

"विचारून चोर कबूल होतो का कधी?"

नेमका त्याच महिन्यात सलवाने याच विभागातल्या जागेसाठी अर्ज केला. ती आता याच देशात, द हेगमध्ये बहिणीकडे राहत होती. धम्मदीपाने विभागप्रमुख मराइकेच्या कानावर घातलं, "हिच्या लेखांबद्दल मला शंका आहे." मराइके म्हणाली, "मग मुलाखतीला तूही बस."

धम्मदीपा बसली, आणि पहिलाच प्रश्न तिने टाकला, "तुमचे पत्ते इतके का बदलतात?"

"खार्टूममधली आमची इमारत जळली," सलवा शांतपणे म्हणाली. "पुढे ज्यांनी बसायला टेबल दिलं, त्यांचं नाव लावलं." मग जरा थांबून, "आणि लेख मीच लिहिलेत."

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. धम्मदीपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तोंडी परीक्षेच्या त्या सरांच्या खुर्चीत बसली होती, दुसरं काय! सलवा बाहेर गेल्यावर ती मराइकेला म्हणाली, "माझ्याकडे नुसता संशय होता. पुरावा कधीच नव्हता. घ्या तिला."

सलवाला जागा मिळाली, टेबलही धम्मदीपाच्या शेजारचंच. महिन्याभरात तिने पहिला मसुदा वाचायला पाठवला. धम्मदीपाने उघडला, तर सोबत सगळी कच्ची आकडेवारी, अगदी पहिल्या मोजणीपासूनची.

"ही मागितली नव्हती मी," धम्मदीपा म्हणाली.

"माहीत आहे," सलवा म्हणाली. "असलेली बरी."

सहकारी हसले, म्हणाले, आता आपल्याकडे अशा दोघी झाल्या. धम्मदीपाला हसू आलं नाही.