वरातीचा उलटा शॉट

वरातीचं गाणं अर्ध्यावर असताना सातो-आजी खुर्चीवरून उठल्या आणि हॉलबाहेर निघून गेल्या.

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरचं छोटं गाव. समुद्रातून आलेली नवरी आणि कोळ्याचा मुलगा यांच्या लोककथेवर आमच्या स्टुडिओने गाण्यांचा सिनेमा केला होता. वरातीत नाचल्या होत्या गावातल्याच बायका, सातो-आजीही. त्सुनामीत प्रत्येकीच्या घरचं कुणीतरी गेलेलं. म्हणून रिलीजआधी सिनेमा त्यांना दाखवायचा, असं आमच्या सुपरवायझर मोरी-सान यांनी ठरवलं होतं.

माझं काम कंपोझिटिंग. म्हणजे वेगवेगळे शूट केलेले तुकडे एकाच चित्रात बेमालूम जोडायचे. या गाण्यात नवरी एका दिशेने चालत होती आणि वरात भलत्याच दिशेने. नीट जुळवायला तीन दिवस लागले असते. मी वरातीचा शॉट फ्लॉप केला, म्हणजे आरशात दिसतो तसा उलटवला. एक क्लिक! शॉटमध्ये पाटी नाही, घड्याळ नाही, कुणाला कळणार? असा बदल विचारूनच करायचा, हा नियम. पण विचारलं की मीटिंग आली, आणि मला शनिवारी टोकियोजवळ इचिकावाला घरी लोळायचं होतं.

"जोशी-सान, हा शॉट फ्लॉप केलाय?" मोरी-सान कुजबुजल्या.

"हो. का?"

"किमोनो बघा."

किमोनोची डावी बाजू वर येते. उजवी वर घेतात ती फक्त मृताला नेसवताना. शॉट उलटवल्यामुळे वरातीतल्या प्रत्येकीची उजवी वर आली होती. इतकी वर्षं जपानात काढल्यावर हे मला चांगलं माहीत होतं. पण काम उरकायच्या नादात मी दिशा सोडून काही बघितलंच नव्हतं.

आजी बाहेर बाकावर बसल्या होत्या. "लेक सापडली तेव्हा मीच तिला तसं नेसवलं होतं," त्या म्हणाल्या. "आज पडद्यावर मी तशी दिसले."

मोरी-सान कमरेतून वाकल्या. "चूक माझी. मी तपासलं नाही."

त्यांच्या मागे मीही वाकलो. 'मी केलं' हे शब्द ओठांवर आले आणि मी ते गिळले. आजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही एवढ्या लांबून आलात. चहा घेतलात का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हो, घेतला," एवढंच म्हणालो.

शॉट दुरुस्त झाला. तीनच दिवस लागले. या चुकीबद्दलच्या रिपोर्टमध्ये जबाबदार म्हणून मोरी-सान यांचं नाव गेलं. त्याखाली 'वाचले, मान्य' म्हणून सही माझी आहे.

आता शॉट उलटवण्याआधी मी विचारतो. शिकलो ते एवढंच.