बारूद कुणाची, बत्ती कुणाची

बंदुकीच्या दारूचा शोध कुणी लावला, हे मोहियोद्दीनला विचारावं, पण आपण कोण ते आधी सांगू नये. नृसिंह गुरुजी ओट्यावर येऊन बसले की तो म्हणायचा, "गुरुजी, आपल्याच ऋषींनी लावला. यज्ञात काय काय टाकायचे, एक दिवस उडाला भडका!" जामखेडचे मौलवीसाहेब आले की शोध अरबस्तानात लागायचा. मोबाईलचा दुकानवाला वैजनाथ आला की चीनमध्ये, कारण वैजनाथच्या दुकानातलं सगळंच तिकडून यायचं. आणि खर्ड्याचा किल्ला बघायला आलेला पाहुणा सापडला, तर तिथल्या लढाईत मोहियोद्दीनच्या खापरपणजोबांनी मराठ्यांनाही दारू पुरवली होती आणि निजामालाही. "दोघांनाबी एकसारखीच," तो अभिमानाने सांगायचा. "बेइमानी आमच्या रक्तात न्हाई."

त्याची बायको बिस्मिल्ला आत शोभेच्या दारूसाठी तुराट्यांचा कोळसा कुटत हे सगळं ऐकायची. मोहियोद्दीनच्या उजव्या हाताला तीनच बोटं. गेलेल्या दोन बोटांच्याही त्याच्याकडे गिऱ्हाईक बघून सांगायच्या गोष्टी होत्या. खरी गोष्ट बिस्मिल्लाला ठाऊक होती, कारण बत्ती देताना उडालेली ती दोन बोटं पदरात गुंडाळून तीच दवाखान्यात धावली होती.

गावच्या जत्रेत शोभेच्या दारूच्या पहिल्या झाडाला बत्ती द्यायचा मान या घराचा. झाड म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर बांधलेले नळे नि चक्रं; एक बत्ती लागली की सगळं फुलत वर जातं. यंदा मोहियोद्दीनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याने जाहीर करून टाकलं, आता बत्ती हारिस देणार. हारिस म्हणजे एकुलता एक मुलगा, अजून सगळी बोटं शाबूत असलेला. तेव्हापासून बिस्मिल्लाचा डोळ्याला डोळा लागेना. नमाजनंतर तिची एकच दुवा: हा मान दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाऊ दे.

दुवा कबूल व्हायची वेळ आली ती एका फ्लेक्समुळे. वैजनाथ यंदा जत्रा कमिटीचा अध्यक्ष. झाडाशेजारी 'बारूदीचा गौरवशाली इतिहास' असा फ्लेक्स लावायचं त्याने ठरवलं आणि देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली.

"पहिली ओळ चीनची," वैजनाथ म्हणाला.

"चीन?" गुरुजी ताडकन उठले. "अरे, आपले ऋषी असताना चीन?"

"मला मोहियोद्दीनचाचांनी सांगितलंय."

"मलाही त्यांनीच सांगितलंय!"

सगळ्या माना खांबाला टेकून बसलेल्या चाचांकडे वळल्या. मोहियोद्दीनने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "दोन्ही खरं हाय," तो म्हणाला. "ऋषी चीनला गेल्ते."

हशा ओसरेपर्यंत गुरुजींनी निकालही लावला. "शोध आमच्या परंपरेचा, तर पहिली बत्तीही आमच्याच घरची. पुण्याहून आमचा गंधार आलाच आहे. नातू देईल बत्ती."

सुटले, असं बैठकीला आलेल्या बिस्मिल्लाच्या मनात आलं. आता फक्त उठून सांगायचं की नवऱ्याच्या सगळ्या थापा आहेत, मान खुशाल घेऊन जा. ती उठलीही. तेवढ्यात बायकांच्या बाजूला बसलेली गंधारची आई अंबिका तिला दिसली. सासऱ्यांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. तोंडावर घट्ट हात दाबून ती पोराकडे बघत होती. गेले कित्येक दिवस आरशात दिसणारा चेहरा बिस्मिल्लाने लगेच ओळखला.

"चाची, आता तुमीच सांगा," वैजनाथ म्हणाला. "शोध लावला कुनी?"

"मला काय म्हाईत? ऋषी असंल, चिनी असंल, अरब असंल. पन ज्यानं लावला त्याच्या आईनं त्याला चपलेनं हानला असनार, एवढं नक्की. तुमच्या फ्लेक्सवर ती माउली कुठंच न्हाई."

"लई खरं बोललीस गं!" मागून म्हातारी साळूबाई ओरडली.

"आन् ऐका. मान आमच्याच घरात ऱ्हाईल. पन बत्ती मी देनार."

मोहियोद्दीनने पान गिळलं. "तू? तुला जमंल का?"

"इतकी वर्सं नळे कोन भरतंय? तुमी ओट्यावर बसून नुसती तोंडानं उडवताय."

"अम्मी, पण—" हारिस म्हणाला.

"तू गर्दी अडवायच्या दोरीच्या मागं उभं ऱ्हायचं. गंधारच्या शेजारी."

गुरुजी खाकरले. "बाईच्या हातून पहिली बत्ती? शास्त्रात..."

"शास्त्रात कुठे नाही म्हटलंय, बाबा?" अंबिकाने विचारलं. एवढ्या माणसांत ती पहिल्यांदाच बोलली, आणि स्वतःच दचकली.

गुरुजींनी उपरणं सावरलं. "बघावं लागेल."

"बघा ना," अंबिका म्हणाली, "सावकाश. जत्रा झाल्यावर."

फ्लेक्सवर शेवटी वैजनाथचाच मोठा फोटो आला. इतिहासाला जागा उरली नाही.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला बिस्मिल्लाने पदर कमरेला खोचला, लांब काठीला बत्ती बांधली आणि 'बिस्मिल्ला' म्हणत हात पुढे केला. "जरा डावीकडं!" मोहियोद्दीन ओरडला. त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. झाड पेटलं, फुललं, सळसळत वर चढलं. सगळा गाव आ वासून आभाळाकडे बघायला लागला.

बिस्मिल्ला मागे सरून दोरीपाशी, हारिस नि गंधारजवळ आली. अंबिकाने तिला हलवलं. "भाभी, अहो वर बघा ना! काय सुंदर दिसतंय!"

"तू बघ वर," बिस्मिल्ला म्हणाली. "मी ह्या दोघांच्या हातांकडं बघते."