माझ्या उंचीची रायफल

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंचं. आईवडिलांनी मला वाढवलं, शिकवलं, ते ऋण मोजायचं नसतंच. पण घरातला पहिला पदवीधर होऊन साजगावच्या एका कारखान्यात माल तपासणारा मी, सुट्टीच्या दिवशी एअर रायफल घेऊन दहा मीटरवरच्या निशाण्यासमोर उभा राहतो, ते केवळ बाईंमुळे.

खालापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत नेमबाजीसाठी एकच रायफल होती. कुणीतरी वापरून झाल्यावर शाळेला दिलेली. बाईंनी तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, मधल्या उंचीच्या मुलाला जमेल असा बसवला आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. ठिपका तडकलेला दिसला, की सगळ्यांचा सराव बंद. नियम बरोबरच होता. प्रत्येकानं आपल्यापुरता स्क्रू फिरवला असता, तर पुढच्याचा नेम गेला असता.

मी नववीनंतर वाढतच गेलो आणि सहा फूट दोन इंचांवर थांबलो. रायफल मात्र तेवढीच राहिली. उभ्यानं नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवावं लागतं. माझं कोपर टेकलं, की रायफल पार खाली राहायची. मग मी मान पुढं काढून, वाकवून साइटपर्यंत, म्हणजे नेम धरायच्या भोकापर्यंत, डोळा न्यायचो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घराच्या दारात, एसटीत, दुकानाच्या पत्र्याखाली मी वाकतच होतो. आई म्हणायची, "चौकट काय तुज्यासाठी उचलू काय रं? तूच वाक जरा."

कॉलेज झालं, नोकरी लागली, तरी बाईंच्या परवानगीनं मी रविवारी शाळेत जाऊन त्याच रायफलवर सराव करत होतो. जिल्ह्यात नंबर यायचा, पण राज्याच्या संघासाठी लागणारे गुण काही पडत नव्हते. साठातल्या पहिल्या तीस गोळ्या छान जायच्या आणि मग मानेत कळ यायची. कर्जतच्या डॉक्टरांनी मला नेम धरून उभं राहायला लावलं, बघितलं आणि सांगितलं की ही पद्धत बदला, नाहीतर खेळ सोडा. निवड चाचणी तीन महिन्यांवर होती. बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या आणि दिवाळीनंतर मुलीकडे नाशिकला राहायला जाणार होत्या. त्या म्हणाल्या, जायच्या आधी तुझी स्वतःची रायफल घेऊन टाकू.

आम्ही दोघं पुण्याला गेलो. दुकानदारानं दोन रायफली टेबलावर ठेवल्या. एक लाकडी दस्त्याची, शाळेतल्या रायफलच्याच जातीची. दुसरी अ‍ॅल्युमिनियमची, सगळीकडून जोड आणि पट्ट्या असलेली, सांगाडा दिसावा तशी. मी लाकडी उचलली, मान वाकवली, आणि डोळा बरोबर साइटमध्ये गेला. अगदी घरच्यासारखं वाटलं. मी सांगून टाकलं की हीच घेऊ.

बाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. रायफल खांद्याला लाव, मान सरळ, जशी आरामात राहील तशी ठेव, आणि मग डोळे उघड. मी उघडले. समोर भिंत होती. साइट कुठंतरी खाली, हनुवटीच्या बाजूला राहिली होती. मी नकळत मान खाली नेली.

"वाकू नको," बाई म्हणाल्या. "रायफल गालाकडं यायला पायजे. गाल रायफलकडं न्यायचा नसतो."

दुकानदार म्हणाला, या दस्त्यात आणखी वर-खाली करायला जागाच नाही, एवढ्या उंच माणसाला ही पुरणार नाही. मग मी दुसरी उचलली. तीही मला आखूड झाली आणि मी पुन्हा वाकलो. बाईंनी विचारलं, "हिचे स्क्रू का नाय फिरवत?"

मी म्हणालो, "दुसऱ्याची रायफल आहे, बाई."

दुकानदार हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची किल्ली उचलून माझ्या हातात दिली. "तुजी होणार हाय ती. फिरव."

पुढचा तासभर आम्ही तेच केलं. दस्ता लांब केला. खांद्याला टेकणारी पट्टी खाली घेतली, त्यामुळे रायफल वर आली. डाव्या तळव्याखाली ठोकळा बसवला. साइटही उंच केली आणि तेवढीच गालपट्टी वर घेतली. दर वेळी डोळे मिटायचे, रायफल लावायची, डोळे उघडायचे. शेवटी एकदा डोळे उघडले, तर भिंतीवर लावलेल्या निशाण्याचं काळं वर्तुळ साइटच्या गोलात मधोमध उभं होतं आणि माझी मान सरळ होती. मी तसाच थांबलो. कुठंच ओढ नव्हती. हीच माझी रायफल, याबद्दल शंका उरली नाही.

परतीच्या बसनं खालापूरच्या टोलनाक्यावर आलो. उतरताना बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं माज्या नियमानं तुला वाकवला रं मी. तुजी वर्षं गेली." त्याचं उत्तर मी चाचणीनंतर त्यांना नाशिकच्या पत्त्यावर पत्रानं पाठवलं, ते असं:

बाई,

जय भीम. फोनवर मी गडबडतो, म्हणून लिहितो आहे. राज्याच्या संघात माझी निवड झाली. साठाव्या गोळीपर्यंत मान दुखली नाही. शेवटच्या दहा गोळ्या सगळ्यांत चांगल्या गेल्या.

तुम्ही म्हणालात, माझी वर्षं गेली. ती गेली नाहीत. श्वास अर्धा सोडून थांबणं, ट्रिगरला घाई न करणं, वाईट गोळी विसरणं, हे त्या वर्षांत तुम्हीच शिकवलंत. नव्या रायफलनं फक्त मान सरळ केली. बाकी सगळं मी शाळेतून घेऊन आलो होतो.

पुढच्या महिन्यात पुण्यात स्पर्धा आहे. आई पहिल्यांदाच बघायला येणार आहे. तुम्हीही या आणि तिच्याशेजारी बसा. तिला खेळातलं काही कळत नाही, तुम्ही समजावून सांगा. शाळेतल्यासारख्या माझ्या मागे मात्र उभ्या राहू नका. मला अजून तुमची भीती वाटते.

तुमचा विद्यार्थी