राखीव जागा

हॉस्पिटलच्या दाराजवळ दिव्यांगांसाठी राखीव जागा होती. आमच्या गाडीच्या काचेवर तसं स्टिकर असल्यामुळे मी गाडी तिथे लावली. बाबा स्वतःच दार उघडून उतरले. त्यांच्या नसांच्या आजाराचं असंच आहे, सकाळी पाय चालतात आणि दुपारी उचलत नाहीत.

मागे जागा शोधत एक गाडी थांबली होती. तिच्या मागच्या सीटवर एक आजीबाई डोळे मिटून कण्हत होत्या. गाडी चालवणाऱ्या बाईंनी काच खाली केली.

"काका तर छान चालताहेत की," त्या मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दमणूक होती.

मी काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी गाडीच्या टपाचा आधार घेतला आणि ते डावा पाय ओढत चालायला लागले. जन्मभर शाळेत मुलांना कवायत शिकवलेला हा माणूस!

बाई ओशाळल्या. "सॉरी हं," म्हणून पुढे गेल्या.

चिडायचं कुणावर? त्यांच्याही गाडीत दुखणंच होतं. पण दुखणं नुसतं सोसून भागत नाही, ते लोकांना दिसावंही लागतं. त्यासाठी माझ्या वडिलांना लंगडावं लागलं, आणि मी हातात किल्ली धरून बघत राहिलो.

दारापाशी मी हळूच म्हटलं, "बाबा, त्या गेल्या."

"माहीत आहे रे," ते म्हणाले.

पाय मात्र ते ओढतच होते. मी त्यांचा दंड धरला. त्यातलं खरं किती, हे विचारायचा मला धीर झाला नाही.