हलूनकाभाऊ आणि ताईचं डोकं

त्याला सगळे हलूनकाभाऊ म्हणतात. खरं नाव आहे, चांगलं भारदस्त आहे, पण ते फक्त बँकेत वापरलं जातं. एमआरआयच्या मशीनवर कामाला लागल्यापासून हा माणूस दिवसभर काचेच्या खिडकीआड बसून, माइकचं बटण दाबून, एकच गोष्ट सांगत आलाय: हलू नका. आता ते त्याच्या तोंडात इतकं बसलंय की केस कापायला गेला तर हा न्हाव्यालाच 'हलू नका' म्हणतो. शेजारच्या लग्नात फोटोसाठी सगळे उभे राहिले, तर फोटोग्राफरच्या आधी हाच बोलला, आणि नवरदेव असा काही ताठला की फोटोत तो मांडवाचा खांब वाटतो.

दुसरी खोड धातूची. कुणी घरी आलं की हा 'या, बसा' म्हणायच्या आधी दारातच विचारतो, "किल्ल्या, घड्याळ, पट्टा, केसांतल्या पिना?" बायको म्हणते, आपल्याकडे माणसं यायची थांबली ती तुमच्यामुळे, आणि त्यात तथ्य आहे. पण भाऊचीही बाजू ऐकली पाहिजे. त्या खोलीतलं चुंबक म्हणजे काही खेळणं नव्हे. दिवे मालवा, दाराला कुलूप घाला, ते आपलं चालूच. एकदा एक मोठे साहेब 'माझ्या खिशात काही नाही हो' म्हणत रुबाबात आत निघाले आणि त्यांच्या देखत त्यांचं स्टीलचं पेन खिशातून सुटून सरळ मशीनच्या बोगद्यात जाऊन चिकटलं. नशीब की मधे कुणाचं डोकं नव्हतं. साहेब मुकाट मागे फिरले आणि पँटच्या खिशांतून एकेक वस्तू काढून देऊ लागले. त्यात एक चमचा होता. चमचा कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि भाऊनेही विचारलं नाही.

तर अशा या भाऊला एक थोरली बहीण आहे. आई लवकर गेली, वडील कायम फिरतीवर, त्यामुळे भाऊला लहानाचं मोठं केलं ते ताईने. तिनेच अंघोळी घातल्या, तिनेच शाळेत सोडलं, तिनेच कान पिळले. ताईचा स्वभाव सोन्यासारखा, फक्त ती बोलते. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, सगळेच बोलतात. नाही हो. तुम्ही आम्ही बोलतो आणि थांबतो. ताई फोनवर चुकीचा नंबर लागला तरी समोरच्याच्या मुलाबाळांची चौकशी करून, त्याला सर्दीवर औषध सांगून मग फोन ठेवते.

गेले काही महिने ताईचं डोकं दुखत होतं. कुणाला पत्ता नव्हता, कारण ती जगातलं सगळं बोलत होती, तेवढं सोडून. मग एके सकाळी तिला दारात दोन दूधवाले दिसले. ती दोघांशी बोलली, हे वेगळं सांगायला नको. पण दूध एकाचंच होतं, तेव्हा मेव्हण्यांच्या मनात पाल चुकचुकली. ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय लिहून दिला.

हे भाऊच्या कानावर आलं. तुमच्या आमच्यासारख्याला अशा वेळी निदान नुसतीच भीती वाटते. या बिचाऱ्याला प्रत्येक भीतीचं नाव, आकार आणि जागा माहीत. रोज तेच बघायचं ना पडद्यावर. रात्रभर तो छताकडे बघत राहिला आणि एकेक नाव आठवत राहिला. सकाळी त्याने ठरवलं, ताईचा स्कॅन आपणच करायचा, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही.

ताई आली ती सगळ्या वेटिंग हॉलशी ओळख करून घेत. कपडे बदलायच्या खोलीत मावशी असतात, त्या लोकांच्या अंगावरची धातूची वस्तू न् वस्तू काढून ठेवतात. त्यांना ताईच्या पिशवीत स्टीलच्या विणायच्या सुया सापडल्या.

"आत नुसतं पडूनच राहायचंय ना," ताई म्हणाली, "म्हटलं तेवढ्यात एक बाही होईल."

मावशींनी सुया ठेवून घेतल्या आणि ताईला गाऊन दिला. भाऊने तिला टेबलावर आडवं केलं, कानांत बोळे घालायला दिले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजच्या उशा ठासल्या आणि तोंडावरून तो पिंजऱ्यासारखा भाग बसवला. हातात रबरी फुगा दिला आणि सांगितलं, घाबरायला झालं तर दाब, मी लगेच येईन.

"पण हे करतं काय रे?" बोळे काढून ताईने विचारलं. "चिरत नाही, टोचत नाही, मग आतलं दिसतं कसं?"

भाऊने सांगितलं. आपल्या अंगात सगळीकडे पाणी, आणि त्या पाण्यात अगदी बारीक बारीक चुंबकं असल्यासारखं आहे. एरवी ती मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखी वाट्टेल तिकडे तोंड करून असतात. हे मोठं चुंबक त्यांच्यातल्या थोड्यांना रांगेत उभं करतं. मग मशीन रेडिओच्या लहरीने त्यांना एक धक्का देतं, ती कलतात, आणि धक्का थांबला की परत रांगेत येतात. येताना त्यांच्याकडूनही एक हलकीशी लहर निघते, ती हा तोंडावरचा पिंजरा पकडतो. कुठलं मांस लवकर परततं, कुठलं रेंगाळतं, कुठे पाणी जास्त, कुठे चरबी जास्त, त्यावरून कॉम्प्युटर चित्र काढतो. आणि कुठली लहर कुठून आली ते कळावं म्हणून मशीनमधल्या तारांच्या गुंडाळ्यांतून वीज सारखी चालूबंद होते. त्या गुंडाळ्या थरथरतात, त्याचाच तो ठणठणाट.

"म्हणजे माझ्या डोक्यातली पोरं कवायत करणार," ताई म्हणाली. "करू देत. त्यांना कधी नव्हे ती शिस्त लागेल."

"पण ताई, चित्र एका झटक्यात निघत नाही. हळूहळू जमतं. मधे हललीस तर सगळंच फिसकटतं. आणि बोललीस की जबडा हलतो, जबडा हलला की डोकं हलतं. तेव्हा अजिबात बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतेय," ताई म्हणाली, आणि मग आपण कशी अजिबात बोलणार नाही, याबद्दल टेबल आत सरकेपर्यंत बोलत राहिली.

भाऊ काचेमागे येऊन बसला. मशीन ठणठणू लागलं. पहिलं चित्र पडद्यावर उतरलं आणि भाऊने कपाळाला हात लावला. ताईला चार डोळे होते, नाकाची कड एकात एक तीनदा गेली होती, आणि मेंदूच्या जागी ढवळलेल्या पिठासारखं काहीतरी होतं. त्याने माइक उघडला. आतून ताईचा आवाज आला, "...आणि ती हिरवी पिशवी तू परत दिलीच नाहीस."

"ताई, हलू नकोस. बोलू नकोस."

"बरं बरं."

पुन्हा सुरू केलं. मधेच फुग्याची घंटी वाजली. भाऊ धावत आत गेला. ताई म्हणाली, "काही नाही रे, आठवलं म्हणून. जेवलास का तू?" तो जेवलो म्हणाला. "काय जेवलास?" असं विचारलं तिने. त्याने तेही सांगितलं, बाहेर आला, पुन्हा मशीन सुरू केलं, आणि पुन्हा चार डोळे.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. चित्रं वाचणं त्यांचं काम. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मान वाकडी करून पुन्हा पाहिलं.

"यातून मला काहीही सांगता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "एक शेवटचा प्रयत्न करा. नाही जमलं तर उद्या झोपेचं इंजेक्शन देऊन करू."

उद्या. म्हणजे आणखी एक रात्र छताकडे बघत. भाऊच्याने ती निघणार नव्हती. चार डोळ्यांच्या त्या चिखलात काही असलं तर ते आत्ता, या क्षणी ताईच्या डोक्यात होतं, आणि ही बाई त्याला पिशवीचा हिशेब विचारत होती. त्याला तिचा इतका राग आला, इतका राग आला, आणि त्या रागातच एक युक्ती सुचली.

ताई आयुष्यात एकाच कारणाने गप्प बसते. ती रुसली की अबोला धरते. एकदा मेव्हण्यांशी तिने असा अबोला धरला होता की मेव्हणे अजून त्या दिवसांची आठवण काढून सुस्कारे सोडतात. तेव्हा तिला दुखवायचं. असं दुखवायचं की तोंडातून शब्द निघता कामा नये.

त्याने टेबल बाहेर काढलं. ताईने लगेच कानांतले बोळे काढले. भाऊने काळजावर दगड ठेवला.

"ताई, आज बोलतोच. तू मला दर वर्षी स्वेटर विणतेस ना, ते मला अजिबात आवडत नाहीत. एक बाही माझी असते आणि दुसरी जिराफाची. रंग बघून कुत्री भुंकतात. मागच्या वर्षीच्या स्वेटरने मी स्कूटर पुसतो. आणि स्कूटरचाही रंग चाललाय त्याने."

ताईने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग एक अक्षर न बोलता बोळे कानांत घातले आणि डोळे मिटले. भाऊला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण त्याने टेबल आत सरकवलं, काचेमागे गेला आणि मशीन सुरू केलं.

आतून चकार शब्द नाही. पहिलं चित्र उतरलं. दोन डोळे, एक नाक. दुसरं उतरलं, तिसरं उतरलं, अशी लख्ख चित्रं की तपासणी केंद्राने भिंतीवर लावावीत. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि वरून खाली, खालून वर एकेक चित्र बघू लागल्या. भाऊ त्यांच्या मागे उभा. आयुष्यात इतका ताठ, इतका न हलता तो कधी उभा राहिला नव्हता.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "डोक्यात काही नाही. मान वाकवून विणतात का खूप? मान आखडलीय तर डोकं दुखणारच. आणि त्या दोन दूधवाल्यांसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. चष्मा बदलायला झालाय बहुतेक."

भाऊने त्यांचे आभार मानले की नाही, त्याला आठवत नाही. तो आत गेला, टेबल बाहेर काढलं, पिंजरा उचलला. ताई उठून बसली. त्याच्याकडे बघितलं आणि गप्प. भाऊच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"ताई, मला माफ कर," तो म्हणाला. "सगळं खोटं होतं. म्हणजे बाहीचं खरं आहे, पण मी ते स्वेटर घालतो गं. स्कूटर मी जुन्या बनियनने पुसतो. तुला गप्प करायचं होतं म्हणून बोललो. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? शिव्या दे, मार, पण अबोला नको धरूस."

ताई तशीच त्याच्याकडे बघत राहिली. तो आणखी बरंच काही बोलला, नाक पुसलं, पुन्हा बोलला. मग ताईने सावकाश एका कानातला बोळा काढला, दुसऱ्या कानातला काढला, आणि एक मोठी जांभई दिली.

"आता बोल," ती म्हणाली. "मघापासून काय पुटपुटतोयस? मला झोप लागली होती."

भाऊ आ वासून बघत राहिला. "झोप? तू रुसली नव्हतीस?"

"रुसायचं काय त्यात? बाही लांब होते हे मला दिसत नाही होय?"

"ताई, डोकं स्वच्छ आहे तुझं. काही नाही त्यात."

"ते तर तू शाळेत असल्यापासून म्हणतोयस." ती हसली आणि मग तिने त्याच्या गालावरचं पाणी पदराने नाही, पदर नव्हताच, गाऊनच्या बाहीने पुसलं. "अरे बाळा, तोंडावर तो पिंजरा घालतोस ना, त्याला वरच्या बाजूला आरसा आहे. त्यात तुझी काच दिसते. काचेत तू दिसतोस. तोंड बघवत नव्हतं रे तुझं. लहानपणी दिवे गेले की असाच चेहरा करून बसायचास. मी काहीबाही बोलत राहिले की मग तुला धीर यायचा. म्हणून बोलत होते. नंतर तू आत आलास आणि चांगला कडाकडा भांडलास. म्हटलं चला, सावरलं पोर. मग मला बिनघोर झोप लागली."

तो आरसा रोज भाऊच बसवतो. आत पडलेल्या माणसाचा जीव कोंडू नये, बाहेरचं काहीतरी दिसत राहावं, एवढ्याचसाठी तो असतो. इतकी वर्षं इतक्या माणसांनी त्यातून काचेमागचं याचं तोंड बघितलं असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि ताईने ते पाहिलं होतं. स्वतःच्या डोक्यात काय आहे ते ठाऊक नसताना, बोगद्यात आडवी पडून, ती याला धीर देत होती.

भाऊ टेबलाच्या कडेला तिच्याशेजारी बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता, मावशी दारातून दोनदा डोकावून गेल्या. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली, की वेटिंग हॉलमधल्या त्या निळ्या शर्टवाल्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय, मुलगा चांगला आहे पण घोरतो, आणि घोरण्यावर एक साधा उपाय आहे. भाऊ रडत राहिला आणि ताई बोलत राहिली.