मायक्रोवेव्हला हिंगाची धुरी

आमच्या मायक्रोवेव्हला आग लागली तेव्हा गावात लाईट नव्हती.

हे कुणाला खरं वाटत नाही. (कंपनीत वायरमन असलेल्या माझ्या नवऱ्याला तर अजूनही वाटत नाही.) म्हणून पहिल्यापासून सांगते.

मायक्रोवेव्ह माझ्या आत्याचा. आई गेल्यावर तिनंच मला कल्याणला लहानाची मोठी केली. लग्न होऊन मी आटगावच्या आतल्या बाजूला, भातशेतीच्या गावात आले. पुढे तिनं नवा मायक्रोवेव्ह घेतला आणि जुना माझ्याकडे पाठवला. आत्या माळकरी, त्यामुळे सोबत अटही आली, "यात मासळी गेली ना, तर त्याच पावली येऊन उचलून नेईन!" मी शपथ घेतली. (आत्याचीच.) गावात मायक्रोवेव्ह असलेली मी एकटी होते, त्यासाठी मी कुणाचीही शपथ घेतली असती.

शपथ बरेच महिने टिकली. मग एका दुपारी सिलिंडर संपला, चूल पेटवायचा कंटाळा आला, आणि भाकरी पुढ्यात घेऊन मी सुक्या बोंबलांकडे बघत बसले. दोनच तर बोंबील. एक मिनिटाचं काम. कोणाला कळणार आहे?

सगळ्यांना कळलं. आधी आमचा बोका आला. मग कुंपणापलीकडून शेजारच्या काकू ओरडल्या, "आज बोंबील का गो?" आणि संध्याकाळी आत्याचा फोन आला, "रविवारी येते गं! बघू तरी, माझा मायक्रोवेव्ह कसा ठेवलायस!"

मायक्रोवेव्ह जाईल याचं वाईट वाटत होतंच, पण जिनं मला वाढवलं तिला तोंड कसं दाखवू, याची खरी भीती वाटत होती.

मी सफाईला लागले. आत लिंबाचं पाणी उकळलं, तर लिंबू पिळलेल्या बोंबलाचा वास यायला लागला. खायचा सोडा लावला. काही फरक नाही. शेवटी सासूबाईंनी पदर खोचला आणि पितळी हंडा घासावा तसा तो चिंच-राखेनं घासून काढला. मायक्रोवेव्ह असा लखलखला की त्यात तोंड दिसावं. वास मात्र जागच्या जागी होता. बोका त्याच्यासमोर बसून मिशा चाटत होता.

रविवार उजाडला, नेहमीप्रमाणे लोडशेडिंग सुरू झालं, आणि सासूबाईंची सहनशक्ती संपली.

"तुज्या शिकल्याचा काय उपेग नाय गो! आमच्या मुरबाडला ताकाच्या मडक्याला वास लागला का धुरी देतात. आत निखारा ठेवायचा, वर हिंग न् तूप सोडायचं, न् तोंड बंद!"

"पण आई, हे मडकं नाही."

"आतून पोकळ हाय ना? तोंड हाय ना? मंग!"

मी मायक्रोवेव्हचं दार उघडून दिलं. (मी बी.एस्सी. आहे. विषय भौतिकशास्त्र.)

सासूबाईंनी चुलीतला रसरशीत निखारा पणतीत घेतला, पणती आत ठेवली, वर हिंग-तूप सोडलं. दार मी लावलं. थोड्याच वेळात मागच्या जाळीतून धूर निघाला आणि स्वयंपाकघर भरून गेलं. तेवढ्यात नवरा शेतावरून आला.

"आग! आग!" करत त्यानं प्लगवर झेप घेतली.

"अहो, लाईट नाही!"

"लाईट नाय? मंग जळतंय काय?"

"हिंग!" सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

त्यानं पुढचं ऐकलंच नाही. मोरीतली भरलेली बादली उचलली आणि ओतली. बहुतेक पाणी सासूबाईंवर पडलं, थोडं माझ्यावर, उरलेलं मायक्रोवेव्हवर.

आम्ही तो पुसून अंगणात खाटेवर उन्हात ठेवला, दार उघडं टाकून. मी साडी बदलून बाहेर आले तर फाटकाशी रिक्षा उभी, खाटेपाशी आत्या उभी, आणि मायक्रोवेव्हमध्ये बोका अंगाची जुडी करून झोपलेला!

"हा आत काय करतोय?" आत्यानं विचारलं.

"ऊन खातोय."

"ऊन बाहेर आहे."

बोक्याला हाकलून तिनं आत नाक घातलं.

"अगंबाई, हिंगाचा वास छान येतोय!"

ओल्या पदरातल्या सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. सुटलो! आणि नेमकी लाईट आली.

"लाव बघू आत. कपभर दूध तापव माझ्यापुरतं."

मायक्रोवेव्ह चालू झाला. (बंद पडला असता तर किती बरं झालं असतं!) वास गेला नव्हताच, नुसता दबून बसला होता. जरा ऊब मिळाल्याबरोबर उठला. लिंबू, राख, हिंग, तूप, आणि सगळ्यांच्या पुढे बोंबील!

आत्यानं पदर नाकाला लावला. मी सरळ तिचे पाय धरले.

"चुकले गं आत्या. घेऊन जा तुझा मायक्रोवेव्ह."

आत्या चटकन मागे सरली. "मी? हा घेऊन? रिक्षावाला मला तरी बसवून घेईल का?" मग तिचं तिलाच हसू आवरेना. "अगं वेडे, बोंबील चुलीवर भाजतात. माळ घालायच्या आधी मी काय कमी खाल्लेत?"

ते दूध शेवटी बोक्यानं प्यायलं.

मायक्रोवेव्ह अजून आमच्याकडेच आहे. जेवण चुलीवर गरम होतं आणि मायक्रोवेव्हमध्ये आम्ही सुके बोंबील ठेवतो, कारण त्याचं दार घट्ट लागतं आणि बोक्याला उघडता येत नाही. बोका दिवसभर त्याच्यासमोर बसून असतो. भौतिकशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे, पण त्या दाराचा अभ्यास चाललाय तो त्याचा!